आर्थरचं पान

छावणीतला माझ्या ओळखीचा सुतार पटाशी उचलली की आधी तिच्या पात्यावरचा इंग्रजी छाप कपाळाला लावतो. हत्यार त्याच्या आजाचं. ते घडवणाऱ्या विलायती घराण्याची वंशावळ मी एकदा इंटरनेटवरून त्याला वाचून दाखवली आणि फसलो. तेव्हापासून रंधा मारताना तो तालात म्हणतो, "विल्यमचा जॉन, जॉनचा हेन्री, हेन्रीचा आर्थर!"

आर्थरच्या जन्माचं साल होतं, मृत्यूचं नव्हतं. सुताराला घोर लागला. "वंश बुडला का काय, सर? जाऊ द्या, कावळाच सांगंल."

सर्वपित्रीला त्यानं दुकानामागच्या ओट्यावर चार पानं वाढली. खीर, वडे, सगळं. तीन पानांवर कावळे तुटून पडले. चौथ्याला एकही शिवला नाही.

"आर्थर जित्ता हाय!" तो नाचायलाच लागला. अख्ख्या गल्लीत पेढे वाटले, मीही दोन खाल्ले.

चौथ्या पानाशी फूटपट्टी घेऊन तोच उभा होता आणि कावळा वळला की "हूश्" करत होता, हे मी कुणालाच सांगितलं नाही.