भिंतीतला भोंगा

मी नरसीला बहिणीकडे गेले होते. भर दुपारी दारात बैलगाडी थांबली आणि ह्यांचे दोस्त युसुफभाई घड्याळवाले खाली उतरले. एवढ्या उन्हाचा हा माणूस हिंगोलीहून स्वतः आला, तेव्हाच मी काय ते ओळखलं. "भाभी, चला," एवढंच म्हणाले. मग वाटेत त्यांनीच सांगितलं, हे जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत... त्याला आता दीड महिना होत आला. भेटायला येणारा जो तो ह्यांच्या तयार कानाचं कौतुक करतो. मी मान हलवते आणि आतून मेल्याहून मेल्यासारखी होते.

हे कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून, पण सारा जीव ग्रामोफोनात. राज्य निजामाचं, म्हणून सुट्टी शुक्रवारी. जुम्मा आला की आमच्या ओसरीवर बैठक. गाण्याची नव्हे हो, यंत्राची! गोरेगावचे बापूराव, युसुफभाई आणि आणखी दोघं-तिघं आपापल्या हातानं केलेली डबी घेऊन यायचे. डबी म्हणजे जिच्यात सुई बसते आणि आतली अभ्रकाची चकती थरथरून आवाज करते, ती. कुणी पोलादी सुईऐवजी बाभळीचा काटा तासून आणायचा. तबकडी एकच, डब्या बदलायच्या. कुणाची वाजते ते कळू नये म्हणून मध्ये चादर बांधायची आणि तिच्यातून फक्त भोंग्याचं तोंड बाहेर काढायचं. मग सगळे डोळे मिटून बसायचे. गाण्याचं एक अक्षर कानावर न घेता नुसती खरखर आणि घरघर ऐकायचे! आत चहा उकळता उकळता ती गाणी मला मात्र पाठ झाली. चुलीपुढं म्हणायचेसुद्धा. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण कोण गातंय म्हणून ह्यांनी कधी मान वळवली नाही. ह्या माणसानं एकदा तरी माझ्या आवाजाकडे कान द्यावा, एवढीच माझी हौस होती.

चादरीमागं डब्या बदलायचं काम युसुफभाईंचं. एका जुम्म्याला मी त्यांनाच गाठलं आणि म्हटलं, एका डबीच्या जागी चादरीमागून मी गाते. "भाभी, गडबड व्हईल," म्हणाले, पण मिशीत हसले आणि भोंगा यंत्रावरून काढून माझ्या हातात दिला. त्याच्या अरुंद टोकाला तोंड लावून मी तबकडीवरचं, सुरुवातीचं साथ नसलेलं कडवं म्हटलं. संपल्यावर बापूराव ओरडले, "वा रे वा! खरखर अजिबात न्हाई! कुनाचा काटा हाय हा?" मला बापूरावांशी काय करायचं होतं? मी ह्यांच्या शब्दाची वाट बघत होते.

हे म्हणाले, "खरखर न्हाई, बराबर. पन आवाज किती चिरका हाय! अभ्रक फाटलंय. फेकून द्या ही डबी."

युसुफभाईंनी घाईनं चादर घट्ट धरली, पण मी ती ओढून काढलीच. भोंगा हातात घेऊन मी उभी. कुणी हसलं नाही. बापूराव चपला शोधायला लागले. हे जमिनीकडे बघत राहिले, त्यांचे कान लाल झालेले... त्यानंतर आमच्याकडे बैठक बसली नाही. बऱ्याच दिवसांनी हे स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आले आणि म्हणाले, "एकदा म्हना की. मी ऐकून राहिलो."

"काहून? अभ्रक फाटलंय न्हवं?" मी म्हटलं. पुढं कितीदा तरी त्यांनी विचारलं आणि मी हेच उत्तर तोंडावर फेकलं. हट्टाला पेटले की मी कुणाच्या बापाचं ऐकत नाही.

मग ह्यांना हिवतापानं धरलं. कोयनेलच्या कडू गोळ्या खाऊन खाऊन ताप गेला, पण कानही गेले. बोलायचं तर ओरडावं लागे. आणि तेव्हा मी पुन्हा गायला लागले! ह्यांना ऐकू येणारच नव्हतं ना. चुलीपुढं गळा मोकळा सोडून गायचे आणि प्रत्येक गाण्याच्या शेवटी ओसरीकडे तोंड करून ह्यांच्याच सुरात म्हणायचे, "आवाज किती चिरका हाय! फेकून द्या!" मला हसू यायचं. हे भिंतीपलीकडे टेकून बसलेले असायचे. मधल्या झरोक्यात त्यांनी तो जुना भोंगा बसवला होता, रुंद तोंड माझ्या चुलीकडे. विचारलं तर म्हणाले, "धूर जातो त्यातून." मी मनात म्हटलं, ठेवू दे अडगळ.

तेरावं झाल्यावर ओसरी सारवायला घेतली आणि दमून पहिल्यांदाच त्यांच्या जागी टेकले. भोंग्याचं अरुंद टोक नेमकं कानाशी आलं. त्याला जुन्या धोतराची पट्टी गुंडाळलेली, डोक्याच्या तेलानं काळी, चिकट झालेली. मी कान लावला. आत चुलीवर भात रटरटत होता, तो थेट माझ्या कानात रटरटला... म्हणजे हे ऐकत होते. गाणं ऐकत होते आणि त्यानंतरचं ते वाक्यही, रोज. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथंच येऊन बसत होते. धरणीनं पोटात घ्यावं असं झालं मला.

परवा युसुफभाई भोंगा मागायला आले, साफ करून देतो म्हणाले. मी हात लावू दिला नाही. संध्याकाळी चूल पेटवते, भोंग्यासमोर बसून एखादं भजन म्हणते. संपत आलं की सवयीनं ते वाक्य ओठांवर येतं. मग मी पदर तोंडात कोंबते, आणि जरा वेळानं तेच भजन पुन्हा पहिल्यापासून म्हणते.