उतरल्याचा शिक्का

शुक्रवारची सकाळ. आखातातल्या अल खोरच्या माझ्या घरात अब्बा माझ्यासमोर सोफ्याच्या अगदी कडेला बसले होते. लॅपटॉपवर एका जहाजाच्या कामगिरीचा दोन पानी इतिहास आला होता. अब्बांना इंग्रजी वाचता येत नाही, म्हणून ते माझा चेहरा वाचत होते.

जहाज साधंच, मासेमारीसाठी बांधलेलं. पहिल्या महायुद्धात आरमारानं ते घेतलं आणि समुद्रातले सुरुंग काढायला जुंपलं. त्यावर अब्बांचे आजोबा आगवाले होते, बॉयलरमध्ये कोळसा टाकणारे. ते परत आले नाहीत. कुणी काही कळवलंही नाही. मग आमच्या रत्नागिरीकडच्या गावानं परस्पर ठरवून टाकलं, की माणूस बसऱ्याला पळाला आणि दुसरं घर करून बसला. गावाला असल्या गोष्टींची भारी हौस. पुढे अब्बा स्वतः जहाजावर लागले, तेव्हा मुंबईच्या शिपिंग ऑफिसात त्यांनी जुनं रजिस्टर पाहिलं. आजोबा चढल्याचा शिक्का होता, उतरल्याचा नव्हता. घरच्या फातिह्याला मेलेल्यांची नावं घेतात, त्यात त्यांचं नाव कधीच आलं नाही.

पळाला की नाही, एवढंच अब्बांना गावी परतण्याआधी हवं होतं. त्यांच्या कटकटीला कंटाळून मी तीन महिने परदेशातल्या दफ्तरखान्याला मेल टाकत होतो. आता कागद आला होता. पळाल्याची नोंद निघाली तर खोटं बोलायचं, हे मी ठरवून ठेवलं होतं.

"काय लिवलाय?"

"वाचतोय, अब्बा."

"कवापासून वाचतोस. शेवट सांग."

शेवट चार ओळींचा होता. सुरुंग जहाजाखालीच फुटला. मेलेल्या अधिकाऱ्यांची नावं हुद्द्यासकट दिली होती. त्यांच्याखाली नुसतं 'हिंदी आगवाले'. नावं लिहायला शाई संपली होती की काय, असा संताप आला.

"जहाज बुडालं. पळाल्याची नोंद कुठे नाही, पण मेलेल्यांत त्यांचं नावही नाही," मी म्हणालो. "नक्की काही सांगता येत नाही."

"वाचले कोण?"

"डेकवरचे. सुरुंग काढताना पाळी नसलेल्यांना वरच थांबवायचे. खालचं कुणी वाचलं नाही."

अब्बांची उमर इंजिनखोलीत गेली होती.

"पाळीवरच्या आगवाल्याला बॉयलर सोडता येत नाय," ते म्हणाले. "आणि वर असता, वाचला असता, तर ऑफिसात शिक्का पडला असता. बुडालेल्याला उतरल्याचा शिक्का मारणार कोण? तवा एवढा मना समजला नाय."

"तुम्ही तेव्हा अठरा वर्षांचे होता, अब्बा."

"माझी दादी, त्यांची बायको, तवर वाट बघत व्हती. गावाचा तिनं कधी ऐकला नाय. मी मुंबयहून आलू नि तिला बोललू, शिक्का नाय, म्हंजे पळालाच. माझा तिनं ऐकला. मेली तवा हाच मनात धरून मेली."