एका नंबरावरची दोन नावं

मंजुश्री गवई घडीभर एका जागी बसलेली दिसली, तर तिला बरं नाही असंच धाड गावातले लोक समजायचे. बसस्टँडमागच्या छोट्या लॅबमध्ये ती रक्त तपासायची. सुई टोचता टोचता विचारायची, "वेळ पडली तं रगत द्यान का कोणाले?" समोरचा हो म्हणाला की नाव, गाव, रक्तगट, नंबर लगेच लिहून घ्यायची. कुणाला रक्त लागलं की फोन तिलाच यायचा, आणि मग ती सुटायची.

त्रास एकच होता. याद्या तीन होत्या. एक तिची स्वतःची, दुसरी जयंतीला भरलेल्या रक्तदान शिबिराची, तिसरी बुलढाण्याच्या रक्तपेढीतल्या अनुपमाने पाठवलेली. माणसं मात्र बरीचशी तीच. एकदा घाईघाईत तिन्ही याद्या चाळताना शेषराव पडघान यांना एकाच सकाळी तीनदा फोन गेला. तिसऱ्यांदा ते वैतागले. "ताई, माह्या अंगात रगत हाये का हिरीचं पाणी?" ती ओशाळली. पण तिला खरा चटका बसला तो वेगळाच: त्या तीन फोनांच्या वेळात दुसरी दोन माणसं सापडली असती.

मग तिला चैन पडेना. मोबाइलवर व्हिडिओ पाहून पाहून ती कोड लिहायला शिकली. लॅबच्या संगणकावर पेशंट नसले की तेच. तिन्ही फाइली एकापाठोपाठ वाचायच्या, ओळ आधी येऊन गेली असेल तर सोडायची, नसेल तर नव्या फाइलीत उतरवायची. एवढं सोपं. तरी शेषराव तीनदाच उरले! एकीकडे पडघान, दुसरीकडे पडघाण, तिसरीकडे नावापुढे एक मोकळी जागा. संगणकाला ही तीन माणसं. तिने डोकं लढवलं. नावाची भानगड सोडून फक्त फोन नंबरचे शेवटचे दहा आकडे पाहायला सांगितले. नंबर एक, तर माणूस एक. यादी सरसर आटली. चार-सहा महिने तिला जरा निवांत वाटलं.

मग एका बाजाराच्या दिवशी भर दुपारी अनुपमाचा फोन आला. "मंजू, ओ निगेटिव्ह पाह्यजे. बाळंतीण हाये, लई रगत जाऊन राह्यलं. पेढीत होतं ते लावलं."

मंजुश्रीने नवी यादी उघडली. ओ निगेटिव्ह दोनच. एकाने मागच्या महिन्यात दिलेलं, दुसऱ्याचा फोन बंद. ती उठली, बसली, पुन्हा उठली. एक बाई होती की! शिबिरात मंजुश्रीनेच तिचा गट तपासला होता, दुर्मीळ म्हणून दोनदा खात्री केली होती. रुख्मिणी. ती कुठे गेली?

तिने शिबिराची जुनी फाइल काढली. रुख्मिणी तिथे होती, आणि तिच्या वरच्याच ओळीत तिचा नवरा उकंडराव. दोघांपुढे नंबर एकच. कोडने नवरा ठेवला होता, बायको उडवली होती.

मंजुश्रीने लगेच तो नंबर लावला. रुख्मिणीला फोन द्यायला सांगितलं.

"ते तं बजारात हाये," उकंडराव म्हणाले. "मिरच्या घेऊन बसली. फोन नाही तिच्यापाशी."

लॅब तशीच उघडी टाकून ती पळाली. भाजीच्या रांगा, भांडीवाले, चपलांचे ढीग, सगळ्यांतून वाट काढत आणि ओरडत. "रुख्मिणीवहिनी! ओ रुख्मिणीवहिनी!" दोन भलत्याच रुख्मिणी वळून पाहू लागल्या. तिसरी मिरच्यांमागे पोत्यावर बसलेली होती.

"वहिनी, बुलढाण्याले चाला. रगत द्याचं हाये. जीप उभीच हाये."

रुख्मिणी तिच्याकडे पाहतच राहिली. "माह्यं?"

"हाव, तुमचंच."

"आन् मिरच्या?"

"मी पाह्यतो, तू जाय माय," शेजारचा कांदेवाला म्हणाला.

जीपमध्ये मंजुश्रीचा पाय सारखा हलत होता. घाट लागला तशी रुख्मिणी हळूच बोलली. "ताई, आमच्या मालकाले दोन खेपा फोन आला. मले एकदाबी नाही. मले वाटे, माह्यं रगत काही कामाचं नाही निघालं. आजार असंन काही. कोणाले इचारू?"

मंजुश्रीचा हलता पाय थांबला. ती म्हणाली, "चुकी माही हाये वहिनी. मीच तुमचं नाव काढून टाकलं."

"काऊन?"

"फोन एक, म्हून माणूस एक धरला."

रुख्मिणी हसली. "घरातबी तसंच धरतात."

रक्त वेळेवर पोचलं. बाळंतीण वाचली, संध्याकाळी अनुपमाने तसं कळवलं. रुख्मिणी मात्र बिस्किटाचा पुडा हातात घेऊन पहिल्या जीपने परतली. मिरच्या राहिल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मंजुश्रीने कोड बदलला. आता नंबर, नाव आणि रक्तगट तिन्ही जुळले तरच ओळ गळायची. शंका आली तर ती ओळ वेगळ्या फाइलीत जायची, तिथे ती स्वतः पाहायची. यादी परत फुगली. शेषराव पुन्हा तीनदा आले, त्यांना तिने हाताने एक केलं. पण जीव थाऱ्यावर येईना. आधी उडालेल्या ओळी तिने काढून पाहिल्या. कोणाची बायको, कोणाची सून, एका घरच्या तर दोघी जावा. सगळ्या नवऱ्याच्या नाहीतर सासऱ्याच्या नंबराखाली दबलेल्या. यांच्यापैकी किती जणी असंच काहीबाही मनात धरून बसल्या असतील?

तिने पहिला नंबर लावला. पलीकडून पुरुषाचा आवाज आला. "बोला, काय काम होतं?"

"तुमच्यापाशी नाही भाऊ," मंजुश्री लॅबमध्ये येरझारा घालत म्हणाली. "अश्विनीताईले फोन द्या."