पेडलवरचा दुसरा माणूस

भूत, पिशाच्च, करणी... यातलं काहीही मी मानत नाही. नागपूरच्या इंग्रजी शाळेत नऊ वर्षं काढली. तिथे सायन्सच्या तासाला एकच गोष्ट डोक्यात बसली – आधी पाहा, मग मोजा, मग लिहा. आपल्या मासिकातलं हे सदर मी वाचते, पण खरं सांगायचं तर लोकांच्या अनुभवांतल्या चुका शोधण्यासाठीच वाचते. म्हणून स्वतःचा अनुभव लिहायला मला वर्ष लागलं.

आम्ही जऊळक्याला राहतो, स्टेशनपासून पायी दहा मिनिटांवर. घरची कापसाची शेती. गोष्ट गेल्या उन्हाळ्यातली, म्हणजे विलायतेकडची लढाई सुरू होण्याआधीची. माझ्या मोठ्या भावाने, वसंतदादाने, विलायतेला परत जाणाऱ्या एका साहेबाकडून जुनी स्पोर्ट्स कार घेतली होती. दोनच सीट, डोक्यावर छप्पर नाही, हिरवा रंग आणि लांबच लांब नाक. गावात तिला ‘नाकतोडा’ म्हणत. गाडी दहा-अकरा वर्षांची होती, पण दादा तिला बैलजोडीपेक्षा जपायचा.

स्टेशनवरच्या तारबाबूंशी दादाची पैज लागली. रविवारी सकाळची पॅसेंजर जऊळक्याहून सुटेल त्याच क्षणी नाकतोडा निघणार आणि आगगाडीच्या आधी अकोल्याला पोचणार. हरेल त्याने मिशी उतरवायची. रस्ता पातूरच्या घाटातून जातो. तो उतार ज्यांनी पाहिलाय त्यांना जास्त सांगायला नको.

सोमवारी सकाळी गाडीखाली मला डाग दिसला.

डाग नवीन नव्हते. जुनी गाडी इंजिनचं काळं तेल गाळतेच. हा मात्र पिवळसर होता, चिकट. बोट लावून वास घेतला आणि अंगावर काटा आला – एरंडेल! लहानपणी दर महिन्याला नाक दाबून ज्याला ते पाजलंय तो हा वास जन्मात विसरत नाही. गाडीबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक मी काढलं. घरात ते वाचणारी मी एकटीच. त्यात लिहिलं होतं की या गाडीचे ब्रेक नळीतल्या तेलावर चालतात आणि ते तेल एरंडेल व स्पिरिट मिसळून करतात.

म्हणजे ब्रेकचं तेल गळत होतं.

मी दादाला सांगितलं. तो हसला.

“कुसमे, तू साळंत गेली का कारखान्यात? जुनी गाडी हाये, गळनारच.”

“दादा, हे इंजिनचं तेल नाही. ब्रेकचं आहे.”

“ब्रेक लागून राह्यला ना? काल स्टेशनावर बकरी मधात आली, गाडी जागच्या जागी उभी. विचार त्या बकरीले!”

इस्माईल मिस्त्री गाडीचं काम पाहायचे. त्यांनी गाडी ठोकळ्यांवर चढवली, खाली जाऊन आले, हात पुसले.

“बाई, सारं कोरडं हाये. मले तं काई दिसत नाई. गाडीले घाम आला असन.”

“गाडीला एरंडेलाचा घाम येतो का, चाचा?”

“तिचं पोट साफ करून राह्यला असन तुमचा भाऊ,” म्हणाले, आणि दोघेही हसले. चारचौघांत मला दुसरं वाक्य सुचतच नाही.

पण सोडून द्यायचं नाही, एवढं ठरवलं. पैजेला सहा दिवस होते.

तेल जिथे पडतं तिथेच गळतं असं नसतं. ते नळीवरून ओघळत येतं आणि सोयीची जागा मिळाली की ठिबकतं. मी घरातली रुई घेतली. चिमूटचिमूट बोळे करून ब्रेकच्या नळीच्या प्रत्येक जोडावर आणि प्रत्येक वळणावर दोऱ्याने बांधले. एकूण चौदा. ज्या जागी गळती असेल तिथला बोळा भिजेल. मंगळवारी सगळे कोरडे. बुधवारीसुद्धा कोरडे. मात्र इंजिनशेजारच्या बाटलीत ब्रेकचं तेल भरतात, तिच्यावर मी खूण केली होती, आणि तेल त्या खुणेच्या खाली गेलेलं! दादाने मधे गाडी फिरवली की बोळे धुळीने काळे होऊन पडून जायचे, आणि खाली परत पिवळा डाग. मी परत बांधायचे.

गुरुवारी पुस्तकातलं ते पान पुन्हा वाचलं. खाली बारीक अक्षरात एक ओळ होती – तपासणीच्या वेळी दुसऱ्या माणसाने पेडल दाबून धरावे. एवढंच. माझी चूक तिथे कळली. नळीला बारीक चीर असेल तर ती दाबाखालीच उघडणार. उभ्या गाडीत दाब कुठला? मला दुसरा माणूस हवा होता.

शुक्रवारी दुपारी दादाकडे गेले. तो दिवाणखान्यात पडला होता.

“दोन मिनिटं पेडल दाबशील? मी खालून बघते.”

“रविवारी दाबतो, घाटात.”

“दादा, प्लीज.”

“काहून मांगं लागली वं? तुले कोनी तारबाबूनं तं नाई पढवलं?”

मिस्त्री लग्नाला मालेगावला गेले होते. आईला विचारण्यात अर्थ नव्हता. पुढल्या महिन्यात मला पाहायला पाहुणे येणार होते आणि मुलगी गाडीखाली लोळते हे गड्यांना दिसलं असतं तरी तिने अन्न सोडलं असतं. शेवटी मी एकटीच गाडीच्या शेडमध्ये गेले. दादाचा जुना पायजमा चढवला होता. कोणी तशी पाहू नये म्हणून दाराला आतून कडी लावली. शेडला दार एकच, आणि भिंती पत्र्याच्या. उजेडासाठी वरच्या बाजूला हातभर फट, तिला जाळी. पुस्तक ते पान उघडं ठेवून ड्रायव्हरच्या सीटवर ठेवलं, त्यावर आडवी पेन्सिल. नवे बोळे बांधले आणि गाडीखाली पाठीवर झोपले.

खालून पेडलचा दांडा दिसतो. तो पायाखालच्या फळीतून उतरून एका लोखंडी नळकांड्यात जातो. मी हात वर करून तो दोन्ही हातांनी ओढून पाहिला. अर्धा इंचसुद्धा हलेना. पत्रा तापला होता, डोळ्यांत घाम जात होता. रविवारी दादा घाटात असेल हे डोक्यातून जाईना. मला रडू यायला लागलं, आणि कधी नव्हे ते मी मोठ्याने ओरडले –

“अरे, कोणीतरी दाबा ना पेडल!”

दांडा हलला.

सावकाश, एकसारखा, जसा मोठ्या माणसाचा पाय दाबतो तसा नळकांड्यात गेला आणि तिथेच राहिला. मला वाटलं, दादा आला. जीव भांड्यात पडला. मी म्हणाले, “धरून ठेव, सोडू नकोस,” आणि सरपटत मागे गेले. बोळे पाहत चालले. एक, दोन, तीन... मागच्या डाव्या चाकापाशी नळी वळते, तिथला अकरावा बोळा माझ्या डोळ्यांदेखत पिवळा होत होता. तो काढला. तांब्याच्या नळीवर केसाएवढी चीर, आणि तिच्यातून तेलाचे मणी येत होते.

“सोड,” मी म्हणाले. मणी थांबले. चीर दिसेनाशी झाली.

“परत दाब.” परत मणी आले.

असं मी तीनदा करून घेतलं. तीनदा, खात्रीसाठी! शेवटी पेन्सिलीने खूण करावी म्हणून म्हटलं, “दादा, सीटवरची पेन्सिल दे.” उत्तर आलं नाही. तेव्हा मी बाहेर आले.

सीटवर पुस्तक तसंच उघडं होतं. पेन्सिल तशीच आडवी. दाराची कडी आतून लावलेली.

ओरडले नाही. आधी कडी दोनदा हाताने चाचपली, मग गाडीच्या मागे, कोपऱ्यातल्या पोत्यांमागे पाहिलं. कोणी नव्हतं. मग मात्र दार उघडून मी तशीच, पायजम्यात, अंगणातून धावत घरात गेले. आईने काय ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

पण चीर मी पाहिली होती. दादाला अक्षरशः हाताला धरून शेडमध्ये आणलं. “दाब. पूर्ण जोराने. मग खुशाल जा रविवारी.”

कंटाळत त्याने दाबलं. दुसऱ्या वेळी थेंबभर तेल उडालं. तिसऱ्या वेळी नळी फाटली, पिचकारीसारखी धार भिंतीवर गेली आणि पेडल खट्कन फळीला टेकलं. दादा तसाच बसून राहिला. पाय उचलायचा, परत ठेवायचा. पेडल मेल्यासारखं खाली जायचं.

“घाटात...” एवढंच म्हणाला.

त्याच संध्याकाळी तो स्टेशनवर गेला आणि मिशी उतरवून आला. तारबाबूंनी काय काय चिडवलं असेल कोण जाणे. रात्री जेवताना फक्त एवढं विचारलं, “तू तं एकटीच होती. पेडल कोनं दाबलं?”

“मीच,” मी म्हणाले. “काठीने.”

काठीने ते दाबलं जात नाही. नंतर मी करून पाहिलं. उन्हाने तेल फुगलं असेल, असाही विचार केला. तसं असेल तर चिरीतून तेल येईल, पण पेडल आपणहून आत जाणार नाही. आणि माझ्या ‘सोड’वर थांबणार नाही. दारावरच्या कडीचं तर काहीच उत्तर नाही. त्या शेडमध्ये पूर्वी कोणी मेलं का, तेही आईला आडून विचारलं. ती म्हणाली, “तिथं तं फक्त कडबा राहे.”

दादा आता नवी नळी बसवून पातूरला रोज जातो-येतो. त्याला अजून वाटतं की त्या दुपारी शेडमध्ये मी एकटी होते. मला काय वाटतं, ते माझं मलाच ठरवता आलेलं नाही.