साहेबाच्या दारापुढचं स्टूल

माझ्या नोकरीसाठी माझा इंटरव्ह्यू झाला नाही.
माझे बाबा वारले, एवढंच झालं.

आज बाबांचा स्मृतिदिन. दरवर्षी फोटोला हार घालून गप्प बसतो. यंदा पोरीमुळे लिहायला बसलो.

ती पुण्यात एका कंपनीत एचआरमध्ये आहे. परवा फोनवर म्हणाली, "बाबा, माझं प्रेझेंटेशन आहे. कोणत्या वयात माणसाला नोकरीत काय अट्रॅक्ट करतं? तुम्हाला काय अट्रॅक्ट केलं होतं?"

मी म्हटलं, रेंज नाही. फोन ठेवला.
रेंज फुल होती.

आता सांगतो, बेटा.

तुझे आजोबा सौंसरला एका सरकारी ऑफिसात चपराशी. रामाकोन्याहून आले ते खाकी ड्रेसच्या ओढीनं. गावात त्यांना लहानथोर सगळे "अबे" म्हणायचे. खाकी अंगावर चढली आणि त्याच गावचा पाटील ऑफिसात येऊन विचारू लागला, "किसनराव, साहेब आहेत का?"
ते "राव" त्यांना पगारापेक्षा गोड लागलं.

मग आम्ही भावंडं झालो आणि खाकीचं कौतुक संपलं. आता क्वार्टर होतं, क्वार्टरात नळ होता, शाळा जवळ होती. त्या नळासाठी मायनं बाबांना कुठं बदली मागू दिली नाही.

ऐंशीचं दशक अर्ध्यावर आलं तेव्हा बाबांच्या छातीत दुखायला लागलं. घंटी वाजली की स्टुलावरून उठताना आधी भिंतीला हात लावायचे.

छिंदवाड्याच्या डॉक्टरनं तोंडावर सांगितलं, "मेडिकलवर रिटायर व्हा. नाही तर एक दिवस असेच उठता उठता जाल."

मी बीए होऊन घरी रिकामा. पांढुर्ण्याच्या एका संत्र्याच्या व्यापाऱ्यानं मला बोलावलं होतं. मालाच्या ट्रकसोबत दिल्लीपर्यंत जायचं. दिल्ली! पगार किती, हे मी विचारलंसुद्धा नाही.

घरी येऊन म्हटलं, "बाबा, मले काम भेटलं. तुमी आता नौकरी सोडा."

"शेठ मेला त दुकान बंद होते," बाबा म्हणाले. "सरकार मरत नाही रे पोट्ट्या."

"पर तुमी मराल न!"

बाबा हसले. "मायले चहा मांडाले सांग."

दुसऱ्या दिवशी म्हणाले, "दम लागून राहिला. फाइली उचलाले चाल माह्यासंगं."

मग रोजच नेऊ लागले.

"एक घंटी वाजली त फाइल. दोन वाजल्या त पाणी. साहेबाच्या चहात साखर नाही. अन् या स्टुलाचा एक पाय आखूड हाये, खाली पुठ्ठा ठेवत जाय."

"मी कायले ठेवू? स्टूल तुमचं."

बाबांनी पायानं पुठ्ठा आत सरकवला.

मला वाटायचं, म्हाताऱ्याला सोबत हवी आहे.
माय मात्र समजली होती. सकाळी डबा हातात देताना ती बाबांच्या तोंडाकडे पाहायची नाही.

त्या दोघांचं बोलणं तिनं मला फार नंतर सांगितलं, तीही जायला टेकली तेव्हा.
ती म्हणाली होती, "पोराच्या नौकरीसाठी मरता काय?"
बाबा म्हणाले होते, "मरन त येनच हाये. रिटायर होऊन आलं त वाया जाईन."

थंडीच्या दिवसांत, दुपारी, घंटी वाजली. बाबा उठले नाहीत.

ऑफिसातले बडेबाबू, म्हणजे हेडक्लार्क, घरी भेटायला आले, त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बरं झालं बापू, नौकरीत असताना गेले. तुह्यं सोनं झालं."
वाईट माणूस नव्हता तो. अनुकंपाचा अर्ज त्यानंच लिहून दिला. बाबांच्या जागेवर मी लागलो.

पहिल्या दिवशी स्टुलावर बसलो. पुठ्ठा जागच्या जागी होता.
एक घंटी वाजली. मी फाइल घेऊन आत गेलो.
साहेब मान वर न करता म्हणाले, "किसनराव, खिडकी लावून घ्या."

मी खिडकी लावली. आणि तिथंच, कडीवर हात असताना, माझ्या डोक्यात उजेड पडला. मला सगळं येत होतं. कोणी शिकवलं ते माहीत होतं. कशासाठी शिकवलं ते तेव्हा कळलं.
बाहेर येऊन परत त्याच स्टुलावर बसलो. दुसरीकडे जाणार कुठं?

पुढे बाबू झालो, खुर्ची मिळाली. दिल्ली अजून पाहिली नाही.

आजही घंटी वाजली की मी उठतो. घरच्या दाराची बेल असली तरी. आणि दर वेळी वाटतं, माझ्या आधी कोणीतरी उठलंय, भिंतीला हात लावून. तुझी आई हसते. मी हसत नाही.

तर बेटा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर.
मला दिल्ली अट्रॅक्ट करत होती.
बाबांना आधी खाकी, मग नळ. शेवटी त्यांना त्या नोकरीत एकच गोष्ट दिसत होती, ती म्हणजे मी.
हे प्रेझेंटेशनात टाकू नको.

बाबा, यंदा मी रिटायर झालो. हार गळ्यात घालून, स्वतःच्या पायांनी घरी आलो. माझ्या जागेसाठी कोणी थांबलेलं नव्हतं.

जय भीम, बाबा.
आता घंटी वाजू द्या.
मी उठतो. तुम्ही बसा.