गळ्यातल्या फिती

माझ्या मावशीकडे चहा घेताना चमचा मागितला की काका म्हणायचे, "बोटाने ढवळ. चमचे शाळेत गेलेत." खरंच गेलेले असायचे. चमचे, बटणं, दोऱ्याची रिळं, एकदा तर काकांच्या बुटाच्या नाड्यासुद्धा. मावशी पाचवीला गणित शिकवते, आणि एकच धडा सगळ्या वर्गाला एकाच पद्धतीने शिकवणं तिला कधी जमलेलं नाही.

तिची पद्धत साधी आहे. प्रत्येक धड्याची तीन रंगांची कार्डं. लालवर हाताने करून बघायचं काम, पिवळ्यावर चित्र, हिरव्यावर नुसतं शाब्दिक उदाहरण. उत्तर तिन्हीकडे एकच. मुलाने हवं ते उचलायचं, अडलं तर बदलायचं. अपूर्णांकाला लाल घेणारा मुलगा क्षेत्रफळाला हिरवं घेतो. मागच्या बाकावरची एक मुलगी वाचताना फार अडखळायची. पण लाल कार्ड घेऊन सुतळीचे तुकडे करायला बसली की सगळ्यांच्या आधी उत्तर सांगून मोकळी. वर्गात तिला 'सुतळी' म्हणायचे, आणि तिलाही ते आवडायचं.

मुख्याध्यापकांना ही कार्डं भलतीच आवडली. तिथेच घात झाला.

त्यांनी पाचवीची एक लेखी परीक्षा घेतली आणि गुण बघून मुलांच्या गळ्यात फिती अडकवल्या. सगळ्यांत कमी गुणांना लाल, मग पिवळ्या, हिरव्या. कायमच्या! रंग होता कामाचा, तो यांनी पोरांना फासला. मावशी भांडायला गेली तर म्हणाले, "अहो बाई, कल्पना तुमचीच. मी फक्त शिस्त लावली."

मी कारखान्यात यंत्रांचे सुटे भाग तपासते. तिथे लांबी मोजायच्या पट्टीने कोणी वजन सांगायला लागला तर त्याला घरी बसवतील. इथे त्याला योजना म्हणतात.

मधल्या सुट्टीत "ए लाल्या" अशा हाका सुरू झाल्या. सुतळीने कार्ड उचलणंच सोडलं. हात पुढे यायचा, फितीकडे बघून मागे जायचा. त्यावर कडी म्हणजे फर्मान निघालं, सोमवारपासून लाल फितीची मुलं जिन्याखालच्या खोलीत बसतील. शिक्षक? "बघू." फळा? "बघू." "अगं, सुतळीला एकदा खाली घातलं ना, की ती परत वर यायची नाही," एवढंच मावशी म्हणायची.

शुक्रवारी संस्थेचे पाहुणे फितींची योजना बघायला येणार होते. सभागृहातला प्रोजेक्टर चालेना म्हणून मावशीने मला बोलावलं होतं, त्यामुळे पुढचं सगळं मी समोर बघितलं.

मुख्याध्यापक फाटकाशी ताटकळत उभे होते. मावशी वर्ग घेऊन सभागृहात आली. तिच्या पिशवीत त्या दिवशी दोरीचा तुकडासुद्धा नव्हता. मला तेव्हाच शंका आली.

"या सभागृहाची लांबी काढायची. टेप नाही, दोरी नाही. काय कराल?"

मग मागून बारीक आवाज आला. "बाई, फिती?"

"एक फीत मोजू आणि गुणू," पुढचा एक मुलगा म्हणाला.

"गाठीत जाते ना थोडी," सुतळी म्हणाली. "आधी बांधायच्या, मग मोजायचं."

पाहुणे आले तेव्हा अख्खी पाचवी जमिनीवर ओणवी झालेली होती, आणि फितींची लांबच लांब दोरी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पसरलेली.

"छान," एक पाहुणे म्हणाले. "यातली लाल मुलं कोणती?"

मुख्याध्यापकांनी मुलांवरून नजर फिरवली. यादी त्यांनी केलीच नव्हती. गळ्यात फीत असताना यादी कशाला! पेपर केव्हाच रद्दीत गेले होते. शेवटी त्यांनी कॉलर विरलेल्या एका मुलाकडे बोट केलं. "हा बघा. हा लाल."

"सर, मी हिरवा होतो," मुलगा म्हणाला.

मला ओरडावंसं वाटलं. इतके दिवस यांनी फक्त फिती बघितल्या होत्या, आणि फिती गेल्यावर कपडे.

"बाई, तुम्हीच सांगा," ते चिडून म्हणाले.

कोणाला डाव्या कानाने कमी ऐकू येतं, कोणाला फळा पुसट दिसतो, कोण घाबरला की सात आणि नऊची गल्लत करतो, हे सगळं मावशीला तोंडपाठ. तिने एकेका मुलाकडे बघितलं. सुतळी गुडघ्यावर बसून फितीचं टोक भिंतीला दाबून धरून होती.

"आठवत नाही, सर."

"आठवत नाही म्हणजे?"

"नाही आठवत. कार्ड कुठलं लागेल ते विचारा, धड्याप्रमाणे सांगते."

सोमवारी जिन्याखाली कोणी बसलं नाही, कारण कोणाला बसवायचं तेच ठरेना; मुलांना विचारलं की जो तो म्हणायचा, "मी हिरवा." आता नवी परीक्षा घ्यायचं चाललंय. परत लेखीच! आणि मावशीकडे लेखी खुलासा मागितलाय. तिच्याकडे!

काल गेले तर ती खुलाशाला सुतळीचा तुकडा टाचत होती. एका कागदावर सगळं शब्दांत लिहिलेलं, दुसऱ्यावर चित्र.

"तिन्ही देते," ती म्हणाली. "त्यांना कुठलं झेपेल, काय सांगावं."