ताईच्या दोन रिंगा

आमच्या घरात फोन वाजला की कुणी धावत नाही. नव्या माणसाला हे चमत्कारिक वाटतं. फोन ठणाणा करतोय आणि म्हातारी शिलाई मशीनवर हात तसाच ठेवून, मान वाकडी करून नुसती बसलीय. हिला ऐकू येत नाही असं समजून कुणी उचलायला गेलंच, तर मी असे डोळे वटारते की तो माणूस पुन्हा आमच्याकडे चहाला येत नाही. मला चांगलं ऐकू येतं. मी रिंगा मोजत असते. दोनदा वाजून फोन गप्प झाला, तर ताई सुखरूप पोहोचली असं समजायचं आणि आपल्या कामाला लागायचं. तिसऱ्यांदा वाजला तर काहीतरी बोलण्यासारखं आहे, मग उचलायचा. दुसऱ्या आणि तिसऱ्या रिंगच्या मधे माझा अर्धा जन्म गेला, असं मी म्हणते. मुलगा म्हणतो, आईला वाढवून सांगायला कारण लागत नाही.

ही पद्धत ताईने काढली. ताई म्हणजे माझी थोरली बहीण, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर. त्या काळी परगावी बोलायचं तर एक्स्चेंजला नंबर द्यायचा आणि लाइन जोडून मिळेपर्यंत वाट बघत बसायचं. ताई कानाला हेडफोन लावून भिंतीएवढ्या बोर्डासमोर उंच स्टुलावर बसायची. दिवा लागला की दोरी उपसायची, हव्या त्या भोकात खुपसायची आणि म्हणायची, "लाइन धरून ठेवा." गाव तिला हॅलोबाई म्हणायचं. कुणाचं लग्न मोडतंय, कुणाचा भाऊ कुणाचं तोंड बघत नाही, सगळं तिच्या कानावरून जायचं. पण घरी येऊन एक अक्षर बोलली असेल तर शपथ. मी पुष्कळ खोदून बघितलं, पालथ्या घड्यावर पाणी. आणि अशी ही खात्याशी इमान राखणारी बाई, कुठे बाहेरगावी गेली की पोहोचल्याचं कळवायला दोनदा घंटी देऊन फोन ठेवून द्यायची. उचललाच नाही तर बिल कशाचं? विचारलं की म्हणायची, मी कुठे बोलले, घंटी वाजली एवढंच.

निवृत्त झाल्यावर माणसं गुडघे धरून बसतात, ताईने बॅग धरली. नवरा केव्हाच गेलेला, मूलबाळ नाही, पाय धड. म्हणाली, ज्या गावांच्या भोकात जन्मभर दोऱ्या खुपसल्या ती गावं एकदा डोळ्यांनी बघून येते. आणि खरंच, एकेक गाव करत सुटली. परत आली की माझ्या मशीनशेजारी खुर्ची ओढून सांगत बसायची. अमुक गावची लाइन कायम खरखरायची, म्हणून तिला वाटायचं तिथे सारखा वारा असणार. प्रत्यक्षात जाऊन बघते तर झाडाचं पान हलत नव्हतं. तमुक गावचा ऑपरेटर फार रुबाबात बोलायचा, तर त्याचं एक्स्चेंज निघालं चपलांच्या दुकानाच्या माळ्यावर. प्रवासाने माणूस शहाणा होतो म्हणतात. ताई फक्त खूश होऊन यायची.

मला गाडी लागते. एकदाच तिच्याबरोबर गेले होते, डोंगरातल्या वळणावळणाच्या रस्त्याने. माझी मान सगळा वेळ खिडकीबाहेर, आणि ही शेजारच्या माणसाला विचारतेय की पुढे कुठलं गाव लागतं. त्या दिवशीच मी ठरवलं, प्रवास तिने करायचा आणि घोर मी लावून घ्यायचा. आमची ही वाटणी इतकी वर्षं नीट चालली. निघताना ती पोहोचायची वेळ सांगून जायची. मी पडदे शिवते, घरगुती, लोकांच्या खिडक्यांची मापं घेऊन. ताई वाटेत असली की माझी शिवण वाकडी जायची. घंटी होईपर्यंत घास उतरायचा नाही.

पण तिचा एक गुण मी गल्लीत सगळ्यांना सांगत असे. जगाच्या गाड्या उशिरा पोहोचतात, ताईची कधीच नाही. चार म्हणाली की चारला दोन रिंगा. मुलगा म्हणायचा, मावशी चढलेली बघून ड्रायव्हर घाबरून गाडी वेळेत नेत असेल. मी म्हणायचे, शिस्तीच्या माणसाचं सगळं शिस्तीत होतं, तुम्हाला काय कळणार.

आता बातम्यांचं सांगते. मी टीव्ही बघू नये असं सुनेचं म्हणणं आहे. ती औषधाच्या दुकानात कामाला आहे, त्यामुळे माझं ब्लड प्रेशर तिला माझ्यापेक्षा जास्त पाठ. पण सीमेपलीकडच्या देशात धुमसायला लागलं तेव्हापासून रिमोट माझ्या मांडीवरून हलला नाही. पूर्वी लांबच्या गावात भांडण झालं तर आपल्याला कळेपर्यंत ते मिटलेलं असायचं. आता तिथे धूर निघतो न निघतो तोच आपल्या घरात दिसतो. एकच जळकं दुकान दिवसभर इतक्यांदा दाखवतात की संध्याकाळपर्यंत अख्खं शहर जळाल्यासारखं वाटतं. हे मला कळत नाही असं नाही. तरी तेच दुकान मी पुन्हा पुन्हा बघते. मन चिंती ते वैरी न चिंती, असं आमची आई म्हणायची, आणि तिच्या घरात तर साधा रेडिओसुद्धा नव्हता.

आणि नेमकं त्याच शहरात ताईला जायचं होतं. तिथल्या एक्स्चेंजमधली ऑपरेटर तिची मैत्रीण. नाव असेल काही, पण ताई तिला पलीकडचीच म्हणते. कामाच्या वेळी गप्पा मारायला मनाई होती, म्हणून दोघींनी शक्कल काढलेली. गर्दी ओसरली की एकीने "टेस्टिंग" म्हणायचं, दुसरीने "टेस्टिंग" म्हणायचं, आणि लाइन तपासण्याच्या नावाखाली संसार, पाठदुखी, साहेब, सगळं बोलून घ्यायचं. पुढे यंत्रं आली, ऑपरेटर घरी बसल्या, पण या दोघींचं टेस्टिंग चालूच राहिलं. एवढ्या वर्षांत एकदाही एकमेकींचं तोंड बघितलेलं नाही. प्रत्येक वेळी ताई म्हणायची, ते गाव सर्वांत शेवटी, गोड शेवटी खायचं असतं.

पलीकडची न्हाणीघरात घसरली, खुब्याचं हाड मोडलं. मुलं कधीच लांब निघून गेलेली. परवा तिने ताईला फोन केला, "टेस्टिंग" म्हणाली, आणि पुढे तिला बोलताच येईना. ताईने त्याच दिवशी बॅग काढली.

मी भांडले. मी भांडायला लागले की कात्री हातात आहे हे विसरते, सून मागून येऊन ती काढून घेते. मी म्हटलं, "सगळं जग तिथून पळ काढतंय आणि तू तिकडे निघालीस?"

"म्हणूनच तर खिडकीची जागा मिळाली," ताई म्हणाली.

सत्तरी उलटलेली बाई, वर हे असं बोलणं. मी तिच्याशी बोलायचं नाही असं ठरवलं आणि बसस्टँडपर्यंत बोलत गेले. पाणी उकळलेलंच पी, बॅग मांडीवर ठेव, गर्दी दिसली की उलट दिशेने चाल. तिने सगळ्याला बरं म्हटलं. पायरीवर चढताना वळून म्हणाली, उद्या चारपर्यंत पोहोचते.

दुसऱ्या दिवशी मी सकाळपासून एकाच पडद्याची शिवण उसवत होते आणि घालत होते. टीव्हीवर रस्त्यात टायर जळत होते. कुठला रस्ता ते काही सांगत नव्हते. ताईची बस त्याच रस्त्याने जात असेल, आणि ती खिडकीतून मान काढून बघत असेल, याची मला खात्री होती. घड्याळाकडे बघायचं नाही म्हणून मी त्याच्याकडे पाठ करून बसले, तर टिकटिक आणखीच ऐकू यायला लागली. चारला फोन वाजला. एक, दोन. मग गप्प.

माझा जीव भांड्यात पडला. मी ताट वाढून घेतलं, पोटभर जेवले, आणि सुनेला म्हटलं, बघ, देश पेटलाय, पण माझी बहीण वेळेवर पोहोचली.

सून कामावरून नुकतीच आलेली. ती मोबाइलवर काहीतरी वाचत होती आणि माझ्याकडे बघत नव्हती. मग शेजारी येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "आई, सीमा दुपारी बाराला बंद केली. त्यानंतर एकही बस पलीकडे सोडलेली नाही."

मी म्हटलं, तुझा मोबाइल खोटं बोलतो. फोन आला होता, मी माझ्या कानांनी ऐकला. तिने वाद घातला नाही, त्याचीच मला जास्त भीती वाटली. ताईच्या मोबाइलवर लावला तर संपर्काच्या बाहेर. पुन्हा लावला, तेच. मुलगा बसच्या ऑफिसात जाऊन आला, त्यांनाही काही कळत नव्हतं. मग माझ्या डोक्यात नाही नाही ते यायला लागलं. ती पोहोचली नसेल तर घंटी कुणी दिली? तिचा मोबाइल कुणाच्या हातात आहे? ती रात्र कशी गेली ते विचारू नका.

सकाळी सून डबा भरत होती आणि मी उगाच मशीनला तेल घालत होते, तेव्हा फोन वाजला. एक. दोन. माझा हात रिसीव्हरच्या वर तरंगत राहिला, जन्माची सवय ती. तिसरी रिंग झाली आणि मी उचलला.

"मी आहे," ताई म्हणाली. आवाज तिचाच, पण कुणीतरी धुऊन आटवल्यासारखा लहान झालेला.

बस सीमेच्या नाक्यापुढे गेलीच नव्हती. सगळ्या उतारूंना जवळच्या एका शाळेत नेऊन ठेवलं होतं. ताई पहिलीतल्या मुलांच्या बाकावर गुडघे हनुवटीला लावून बसली होती. पहाटेपासून पलीकडून धडाधड आवाज येत होते, एका खिडकीची काच खाली आली होती. मोबाइल बंद पडला होता, तो आता ड्रायव्हरने गाडीवर चार्ज करून दिला. परत कधी निघायचं, कुणी सांगत नव्हतं.

ती जिवंत आहे, एवढं कळल्याबरोबर मला राग आला. "मग काल चारला घंटी कुणी दिली?"

"मीच."

"पोहोचली नसताना?"

मग ती म्हणाली, "अगं, पोहोचल्यावर मी कधी दिली घंटी? गाड्या काय वेळेवर पोहोचतात? तुला जी वेळ सांगितली असेल त्या वेळेला, असेन तिथून द्यायची. नाहीतर तू जेवत नाहीस."

म्हणजे त्या सगळ्या वर्षांत, मी समाधानाने भात कालवत होते तेव्हा ही कुठल्यातरी बंद पडलेल्या गाडीत, अनोळखी रस्त्यावर, बॅग मांडीवर धरून बसलेली होती. पुलावर पाणी आलं होतं त्या वर्षीसुद्धा. मी गल्लीभर मिरवलेली ती शिस्त म्हणजे ही. तिला शिव्या घालाव्यात की रडावं ते कळेना, तेव्हा मी दोन्ही थोडं थोडं केलं. तिने ऐकून घेतलं.

"पलीकडचीचा फोन वाजतोय गं," ती मग म्हणाली. "काल मोबाइल बंद पडेपर्यंत लावत होते, आताही लावला. वाजतच राहतो. कुणी उचलत नाही."

मी म्हटलं, तिला उठता येत नसेल, फोन दुसऱ्या खोलीत असेल. ताई म्हणाली, हो, तसंच असेल. दोघींनाही ते खरं वाटलं नाही.

आता ती "ठेवते" म्हणेल म्हणून मी थांबले. फोनवर लांबण लावणं तिला कधीच खपलं नाही, आमच्या आईच्या आजारपणातसुद्धा दोन वाक्यांत फोन संपवायची. पण तिने फोन ठेवला नाही. तिच्या मागे एक लहान मूल रडत होतं आणि कुणीतरी बाक सरकवत होतं. मग लांब कुठेतरी धडाड असा आवाज झाला, आणि मला इथे, माझ्या खोलीत, तिचा श्वास अडकलेला ऐकू आला.

"लाइन धरून ठेव," ताई म्हणाली. "मला भीती वाटतेय."

मी म्हटलं, धरलीय.

"बोलू नकोस काही. मशीन चालव. ऐकू येऊ दे."

मी रिसीव्हर मशीनच्या फळीवर, चाकाजवळ ठेवला. सुईखाली कालचाच पडदा होता. मी पाय मारायला लागले. सून डबा घेऊन दारात आली, बघत उभी राहिली, मग चपला काढून भिंतीला टेकून खाली बसली. फोनची वायर कुणाच्या पायात येऊ नये म्हणून तिने ती हातात धरली. पडद्याची शिवण लांब असते, ते एक बरं. मधे थांबावं लागत नाही. फळीवरून ताईचं काही ऐकू येत नव्हतं, पण लाइन चालू होती, लाइनची ती बारीक खरखर मशीनच्या आवाजातही मला कळत होती.

कापड संपलं. मी तेच उलटं फिरवून पुन्हा सुईखाली घातलं.